उदाजीरावाचा चिनी न्याय

रंगभूमीवर चिनी माणूस आला की प्रेक्षक आधीच हसायला लागत. पाठीवर लांब वेणी, खाली ओढलेल्या मिशा आणि हातात बांबू, एवढ्यावर टाळ्या वसूल. १९०६ साली आमची नाटक मंडळी माळव्यात होती. धारचा मुक्काम आटोपून देवासकडे जाताना दसऱ्यासाठी वाटेतल्या एका जहागिरीत उतरलो. गावाचं नाव लिहीत नाही. तिथल्या घरांनी मला पोटभर जेवू घातलं आहे.

नाटकानंतर आम्ही एका चिनी काजीचा फार्स करत असू. काजी दिसेल त्याला झोडपतो, एवढीच त्याची गोष्ट. मी फिर्यादी बाई व्हायचो. तेव्हा मला कंबर होती आणि नऊवारी शोभायची. दुपारी पागेत तालीम चालली असता दारातून आवाज आला, "बंद करा हा तमाशा!"

तो उदाजीराव. उंच, पिळदार, अंगात विटलेला खाकी कोट. १९०० साली इंग्रजांच्या पलटणीबरोबर चीनच्या लढाईत गेला, पलटण परतली तरी तिथेच एका इंग्रज व्यापाऱ्याच्या वखारीवर पहारेकरी म्हणून राहिला, आणि नुकताच गावी आला होता. पुढे तो देवासला सरकी काढण्याच्या कारखान्यावर पहारा करी. तिथेच वारला. पण त्या दिवशी त्याचा आवाज माझ्यापेक्षा मोठा होता, आणि मला हे सहसा सहन होत नसे.

"काय चुकलं हो आमचं?" मी विचारलं.

"फिर्यादी उभी कशी? गुडघ्यावर बस!"

"मी फिर्यादी आहे. आरोपी तो."

"दोघंही गुडघ्यावर, भिया!" माळव्यात भावाला भिया म्हणतात. " तिकडे फिर्यादीला गादी नसते. आणि तुमचा काजी खिदळतो काय? त्याला हसायला सवड आहे? कोतवाल तोच, मुन्सफ तोच, सारा वसूल करणाराही तोच. कायद्याच्या पोथीत गुन्ह्यागणिक शिक्षा ठरलेली. हलका बांबू किती, जाड बांबू किती, गळ्यात लाकडी फळी कधी, हद्दपारी कुठवर. शिक्षा चुकली तर काजीलाच दंड. माणसाला फाशी द्यायची तर कागद थेट बादशहापर्यंत चढतो."

"वकील?"

"वकील नाहीत. दुसऱ्याची फिर्याद पेटवणाऱ्यालाच फटके."

"म्हणजे रामराज्यच की!" आमचा काजी म्हणाला.

उदाजीराव त्याच्या अंगावर गेला. "रामराज्य कोण म्हणतंय? कबुलीशिवाय शिक्षा नाही, म्हणून कबुलीसाठी माणसाची हाडं मोडताना पाहिलीत मी. बापाने मुलाला जिवे मारलं तरी थोडी शिक्षा, मुलाने बापावर हात उगारला तर मुंडकंच उडतं. जिवंत माणसाचे तुकडे करायची शिक्षा त्यांनी गेल्याच साली बंद केली. पण सगळ्यात घाण गोष्ट त्यांच्या पोथीत नाही. एका गोऱ्या खलाशाने माझ्यादेखत नावाड्याला पाण्यात ढकलून मारलं. चिनी काजी त्याला हात लावू शकला नाही. गोऱ्याचा न्याय गोऱ्यांच्याच वकिलातीत व्हायचा! किरकोळ दंड भरून तो संध्याकाळी दारू पीत बसला. दाखवा की हे फार्समध्ये!"

मग कळलं, एवढा संताप केवळ चीनचा नव्हता.

देवासात जशा थोरली आणि धाकटी अशा दोन पात्या, तशाच या जहागिरीच्याही होत्या. दोघा भावांत वाटणी होऊन मधला रस्ता हद्द ठरला होता. अलीकडे थोरल्यांचा कारभारी, पलीकडे धाकट्यांचा. उदाजीरावाची विधवा चुलत बहीण मालन अलीकडे राहायची आणि पलीकडे भैयासाहेबांच्या घरी भांडी घासायची. भैयासाहेब म्हणजे धाकट्या जहागीरदारांचे मेहुणे. त्यांची चांदीची अत्तरदाणी दिसेना. त्यांनी मालनचं नाव घेतलं आणि थोरल्या कारभाऱ्यांनी तिला दसऱ्यानंतर गाव सोडण्याचा हुकूम दिला. चौकशी नाही, साक्ष नाही. भैयासाहेबांना विचारा म्हटलं तर थोरले कारभारी म्हणाले, "ते पलीकडचे. मी बोलावू शकत नाही." धाकटे म्हणाले, "आरोपी अलीकडची. मला काय त्याचं?" अहो, रस्ता तो केवढा! बैलगाडी वळवायची तर बैलाचं तोंड दुसऱ्याच्या राज्यात जायचं.

"चिनी कचेरीच्या दारात ढोल असतो," उदाजीराव म्हणाला. "कोणी ऐकत नसेल त्याने बडवायचा. अधिकाऱ्याला बाहेर यावंच लागतं."

"इथे कुठला ढोल?" मी सहज बोललो.

तो चौकाकडे बघत राहिला. तिथे मूळ पुरुषाचा नगारा होता. नगाऱ्याचे दोन तुकडे करता येईनात, म्हणून तेवढा दोन्ही पात्यांचा सामाईक. फक्त दसऱ्याला, दोन्हीकडच्या मानकऱ्यांनी मिळून वाजवायचा. एरवी बोट लावणं म्हणजे दोन्ही गाद्यांचा अपमान.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी उदाजीरावाने तो बडवला.

गाव धावलं. कोणाला वाटलं जहागीरदार गेले, कोणाला वाटलं मुलगा झाला. थोरले कारभारी अर्धी दाढी साबणात घेऊन आले, धाकटे खरकट्या हाताने. भैयासाहेबही आले.

"दोघं आलात, बरं झालं," उदाजीराव म्हणाला. "नगारा दोघांचा, चौक दोघांचा. आता कुठली हद्द सांगता?" आणि भैयासाहेबांकडे वळला. "चीनमध्ये खोटा आरोप केला तर आरोपीची शिक्षा आरोप करणाऱ्याला. मालन आत्ता गाव सोडते. अत्तरदाणी तुमच्याच घरात निघाली तर तुम्ही सोडाल? एवढं कबूल म्हणा."

"हे काय चीन आहे?" भैयासाहेब ओरडले.

"मग हो म्हणायला काय जातंय?" गर्दीतून एक म्हातारी बोलली. "खरं असेल तर तुमचं काय बिघडणार, बापू?"

भैयासाहेबांनी उपरणं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. "एका अत्तरदाणीसाठी एवढा गोंधळ! जाऊ द्या. फिर्याद मागे घेतो."

"मग ती चोर नाही असं म्हणा."

"मागे घेतो म्हटलं ना!" आणि ते जेवायला निघून गेले. सरळ पानावर! कोणी अडवलं नाही. पन्नास वर्षं होत आली, त्या पाठमोऱ्या माणसाला आजही हाक मारून थांबवावंसं वाटतं.

विहीर कोणी उपसायची यावरही ज्यांचं कधी जमलं नव्हतं, त्या दोन कारभाऱ्यांचं मात्र तिथेच एकमत झालं. नगाऱ्याला हात लावल्याबद्दल उदाजीराव सूर्यास्ताच्या आत दोन्ही हद्दींबाहेर. मालनची शिक्षा रद्द झाली.

हद्दीबाहेर पोचवायला म्हणून त्याची पेटी आमच्या गाडीत चढवली, मी आणि आमचा काजीही बसलो. मालन भाकरीचं फडकं घेऊन आली. डोळे कोरडे, पण मान खाली.

"दादा, मला सोडली म्हणतात," ती म्हणाली. "चोर नव्हते असं कोण म्हणणार? उद्या मला कामाला कोण घेणार?"

उदाजीरावाने भाकरीचं फडकं गाडीत ठेवलं. मग गाडीवानाला म्हणाला, "गाडी मधल्या रस्त्याने घे. हळू."

"तिथून नको, दादा," मालन म्हणाली. "आणखी शिक्षा करतील."

"घालवून दिलेल्याला आणखी कुठे घालवणार? चल माझ्याबरोबर."

तो गाडीपुढे चालू लागला. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे तोंड करून ओरडत गेला, "मालन चोर नाही!" मीही गाडीतून उतरलो आणि शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकासाठी राखलेला आवाज लावला. आमच्या काजीनेही लावला. दोन्ही बाजूंची दारं उघडली, बायका ओट्यावर आल्या. ती म्हातारी पुढे झाली आणि मालनला म्हणाली, "उद्यापासून माझ्याकडे ये गं भांड्यांना." मालनने मान वर केली.

भैयासाहेबांचं दार बंदच होतं. उदाजीराव त्याच्यासमोर सर्वांत जास्त वेळ ओरडत उभा राहिला.