दीड तास गप्प

आमच्या गल्लीच्या तोंडाशी ज्याचं सलून आहे, त्याला सगळे बातमीपत्र म्हणतात, आणि तेही तोंडावर. त्याला राग येत नाही. दाढीला बसलेला माणूस गाल पुसून उठेपर्यंत त्याला कुणाचं कुठे जमतंय, कुणाचं कुठे बिनसलंय, सगळं कळलेलं असतं. असल्या माणसाला पक्षी बघण्याचा नाद लागला, म्हणजे वाऱ्याने दिव्याची राखण करायची!

गावाबाहेरच्या खोऱ्यात पाणथळ आहे. हिवाळा सरता सरता तिथे क्रौंच रात्रीच्या मुक्कामाला उतरतात, आणि ते परतायच्या आधी एका संध्याकाळी पक्षिमंडळ त्यांची मोजणी करतं. गेल्या वर्षी याने ऐन मोक्याला शेजारच्याच्या कानात किस्सा सांगितला, शेजारचा खो खो हसला, आणि अख्खा थवा डोंगरापलीकडे. मंडळाच्या बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. यंदा त्यांनी बजावलं, "दीड तास. एक शब्द ऐकू आला, की तुमचं नाव यादीतून कायमचं गेलं."

"झोपेतसुद्धा बोलता तुम्ही," बायको म्हणाली. "आत्ताच नाव काढून घ्या, तेवढीच अब्रू राहील."

पण त्याचा जीव त्या पाणथळावर जडला होता. दिवसभर लोकांच्या माना बघणाऱ्याला स्वतःची मान वर करायला मिळते ती तिथेच.

त्याला शेवटचं लपण दिलं होतं, एकट्याला. बोरूच्या आडोशामागे तो बसला खरा, पण गुडघा थांबेना, बोटं हवेतच कात्री चालवू लागली. शेवटी तो आपल्याच हातांवर बसला. सूर्य कलला. आधी तीन क्रौंच आले, मग रांगाच. हात सोडवून तो कागदावर दहा-दहाची रेघ ओढू लागला.

दोनशे दहा झाले आणि समोरच्या गवतातून एक फोटोवाला उठला. कुणी परका होता. कॅमेरा छातीशी धरून, वाकून, तो पाण्याकडे सरकू लागला. दोन क्रौंचांनी माना ताठ केल्या. ओरडावं तर पक्षी उडणार, न ओरडावं तरी उडणार, आणि नाव कुणाचं? बातमीपत्राचं.

त्याने बूट काढले आणि चिखलातून मांजरासारखा मागून गेला. तोंड बंद, मग उरले हात, आणि त्या हातांना येत होतं तेच त्यांनी केलं. पंजा टाळूवर, दोन बोटं कानामागे, आणि हलकेच खाली. एवढा मोठा माणूस, पण खुर्चीत बसल्यासारखी त्याने मुकाट मान खाली घातली. गुडघे दुमडले आणि तो चिखलात बसला.

हात काढला तर तो बोलणार, म्हणून काढता येईना. पाय गारठले. डोक्यावरून थव्यामागून थवे उतरत होते, पंखांचा वारा लागत होता, आणि पेन्सिल राहिली होती लपणात. मनात मोजता मोजता साडेतीनशेला घोळ झाला.

"झालं का?" फोटोवाल्याने खालूनच कुजबुजत विचारलं.

'झालंच, हलू नका,' हे सवयीने ओठांवर आलेलं त्याने गिळलं.

अंधार पडला तसे सगळे रस्त्यावर जमले. बाईंनी वही उघडली. "शेवटचं लपण?"

"दोनशे दहा."

"बस? तीनशे तर माझ्या डोक्यावरून तुमच्याकडे गेले."

"पुढच्यांचा घोळ झाला."

"का?"

तो अनवाणी, गुडघ्यापर्यंत चिखलाचा, हातात बूट घेऊन उभा. सांगितलं फोटोवाल्यानेच, पँट झटकत. "यांनी माझी मान धरून ठेवली होती. मीही का बसलो, देव जाणे."

बाईंनी बातमीपत्राच्या पायांकडे पाहिलं आणि लिहिलं, 'दोनशे दहा, अपुरी.' मग म्हणाल्या, "पुढच्या वर्षी या. पण जोडीला कुणी आणा. एकाने मोजायचं, एकाने माना धरायच्या."

दोन दिवसांनी क्रौंच निघून गेले. याचं नाव यादीत राहिलं, पण चैन गेली. मशीन फिरवता फिरवता मध्येच थांबतो आणि विचारतो, "साडेचारशे असतील का हो?"

गिऱ्हाईक बिचारं मान खाली घालून म्हणतं, "असतील."

"नक्की?" हा विचारतो, आणि मशीन काही सुरू करत नाही.