टॉवरच्या पायथ्याशी आमची तार

साखर कारखान्याचा बॉयलर पेटला की आमच्या घरात भांडणं सुरू व्हायची. कोल्हापूरहून कुरुंदवाडकडं जाताना एका फाट्यावरनं आत वळलं की आमचं गाव. चारी बाजूंनी ऊस, आणि आमचा धंदा केबलचा. आधी टीव्हीची केबल, मग त्याच खांबांवरनं इंटरनेटची फायबर. हंगाम लागला की ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, त्यांवर घराएवढा ऊस, आणि रस्ता ओलांडणारी आमची एकूण एक तार तो तोडत जायचा. मग माझे यजमान शिडी खांद्यावर टाकून धावायचे. सकाळी जोडलेली तार दुपारी पुन्हा लोंबायची. लोक फोनवर शिव्या घालायचे, आणि त्या ऐकून घ्यायला घरात मी. ट्रॅक्टरवाल्याला अडवलं तर तो वरनंच ओरडायचा, "वैनी, तार उंच बांधा की जरा!" आता उसापेक्षा उंच म्हणजे किती, आभाळाला बांधायची काय?

एका उन्हाळ्यात गावच्या पाणीपुरवठा संस्थेनं जुनी पाइपलाइन बदलायला काढली. ही संस्था आमच्या शेतकऱ्यांचीच. नदीवर मोटर, तिथनं जमिनीखालून पाइप, आणि पाळीपाळीनं प्रत्येकाच्या उसाला पाणी. नदीकाठच्या फाट्यापासून गावातनं थेट माळापर्यंत चर खणलेला बघितला आणि माझं डोकं चाललं. चर खणलेलाच आहे, तर आमची तार त्यातनं का जाऊ नये? वरनं ट्रॉल्या जाईनात का किती जायच्या त्या!

"खुळी झालीस काय?" यजमान म्हणाले. "पाण्याच्या चरात वायर कोण टाकू देतंय?"

मी संस्थेच्या चेअरमनांकडं गेले. ते म्हणाले, सभेला विचारायला लागंल. म्हटलं, विचारू की. सभा संस्थेच्या ऑफिसातच होती. सगळे टोपीवाले, पटकेवाले, आणि बाईमाणूस मी एकटी. माझं बोलणं पुरं व्हायच्या आत मागनं आवाज आला, "वायरीतला करंट पाण्यात उतरला म्हंजे? उसाला पाणी पाजायला गेलेला माणूस घरला यायचा न्हाय!" झालं, सगळे एकदम बोलायला लागले. माझं डोकं सटकलं. ऑफिसात आमचंच इंटरनेट होतं. मी बाहेरनं पाण्यानं भरलेली बादली आणली, कॉम्प्युटरकडं जाणाऱ्या आमच्या चालू वायरीचा वेढा तिच्यात बुडवला आणि स्वतःचा हात कोपरापर्यंत घातला.

"बघा," मी म्हटलं. "ह्यात करंट न्हाय, उजेड हाय. आत केसाएवढी काच असती, तिच्यातनं उजेड पळतोय. कॉम्प्युटर चालूच हाय का न्हाय? आता कुणाला हात घालायचा त्यानं घाला."

कुणी जागचं हलेना. शेवटी चेअरमन उठले, सदऱ्याची बाही वर केली आणि हात बुडवला. "गार हाय की वो नुसतं," ते म्हणाले, आणि हशा पिकला. ठराव झाला. संस्थेची अट एवढीच, की ऑफिसाला नेट कायम फुकट आणि नदीवरच्या मोटरीवर आमचा कॅमेरा. पंधरा दिवस आम्ही दोघं त्या चरात वाकून तार ओवायचा काळा पाइप अंथरत होतो. केबल मी चोवीस कोअरची घ्यायला लावली, म्हणजे आत काचेचे चोवीस तंतू. आमचं काम चार-पाच तंतूंत भागत होतं. यजमान म्हणाले, उरलेल्यांचं काय लोणचं घालायचंय? चर पुन्हा उघडा मिळणार नाही एवढं मला कळत होतं.

पुढचे दोन हंगाम शिडी भिंतीलाच टेकून राहिली.

आणि मग माळावर मोबाइल कंपनीचा टॉवर उभा राहिला. गावात गाडी फिरली, भोंगा लावून. ना वायर, ना खांब, ना केबलवाला! खिडकीत एक डबा ठेवा, हवेतनं नेट घ्या, घरचं आणि मोबाइलचं सगळं एकाच बिलात. पहिला डबा घेतला माझ्या सख्ख्या जावेनं. वर मलाच म्हणते, "राग मानू नगा हां, पण लई सोप्पं हाय बघा." राग कसला मानतेय, आतनं भडका उडाला होता नुसता! गल्लीच्या गल्ली गळाली. त्यात कोल्हापुरातला एक मोठा केबलवाला, जो आजूबाजूच्या गावांतले छोटे धंदे विकत घेत सुटला होता, दर आठवड्याला यजमानांना फोन करायचा. पावणं, द्या की, अजून कोण घेतंय तवर द्या.

एका दुपारी जेवता जेवता यजमान म्हणाले, "हा येणारा हंगाम बघू. संपला की देऊन टाकू. मी भावाच्या दुधाच्या गाडीवर जातो." ताटातनं मान वर न करता म्हणाले. वीस वर्षं ह्या माणसानं खांबावर काढली होती. भीती वाटली मला, खरं सांगते.

त्याच सुमारास कोल्हापुरात केबलवाल्यांचा मेळावा होता. मी यजमानांना ओढूनच नेलं. पुण्याहून आलेला एक तज्ज्ञ पडद्यावर चित्रं दाखवत होता. म्हणाला, इथून पुढं घरचं नेट वेगळं आणि मोबाइलचं वेगळं असा बाजार राहणार नाही. जाळं एकच होणार, गिऱ्हाईकही एकच. सगळ्यांचे चेहरे पडले. आमचे हे चहाच्या निमित्तानं बाहेर गेले ते आलेच नाहीत. मी बसून राहिले, म्हणून पुढचं ऐकलं. हवेतनं जातं ते फक्त टॉवरपासून घरापर्यंत, तो म्हणाला. टॉवरला स्वतःला पायथ्याशी फायबर लागते. घराघरातले डबे वाढले की त्याची भूक वाढते, आणि जिथं कंपनीला स्वतःची तार टाकता येत नाही तिथं ती दुसऱ्याची भाड्यानं घेते. मी अंग सावरून ताठ बसले. म्हणजे बिनतारी म्हणून मिरवणारा तो पठ्ठ्या तारेवरच जगतो की!

परतताना मोटरसायकल माळावर वळवायला लावली. कंपनीची तार फाट्यापासून टॉवरपर्यंत खांबांवरनं आली होती, आणि उसाचा रस्ता चार ठिकाणी ओलांडत होती. खांबही आमच्या जुन्या खांबांएवढेच. मला हसू आवरेना. तार तपासायला आलेली कंपनीची माणसं तिथंच होती. माणुसकी म्हणून सांगितलं, "अवो, ट्रॉल्या सुरू झाल्या की ही ऱ्हायची न्हाय." त्यांतला एक म्हणाला, "काकू, आमचं काम मापानुसार असतंय. तुमच्या केबलसारखं नसतंय." बरं बाबा.

हंगाम लागला. तिसऱ्या दिवशी पहिली तार तुटली. जोडली, पुन्हा तुटली. दुसऱ्या आठवड्यात एका रविवारी भर दुपारी, भारताची मॅच रंगात आलेली असताना, एक ट्रॉली चारही ठिकाणी तार ओढून घेऊन गेली. गावातले सगळे डबे मेले, आणि फोनवरचे रेंजचे दांडेही गेले. चालू होती ती आमची जुनी पन्नास-साठ घरं. आमच्या अंगणात ही गर्दी! जाऊबाई सगळ्यांत पुढं, पाट घेऊन बसलेल्या. मी त्यांना चहा दिला. साखर जरा जास्तच घातली.

तेवढ्यात दारात कंपनीचा इंजिनिअर उभा राहिला. शर्ट घामानं भिजलेला, हातात मुका फोन.

"ताई, तुमचं वाय-फाय मिळेल का? साहेबांना फोन लावायचाय. माझ्या फोनला रेंजच नाही."

त्याच्याच कंपनीचा टॉवर, आणि रेंज मागायला आमच्या दारात! आत जाऊन पदर तोंडात कोंबून हसले आणि मग पासवर्ड सांगितला. बोलणं झाल्यावर त्यानं विचारलं, "तुमची लाइन कशी काय चालू राहिली?"

"आमची जमिनीखालनं हाय. पाण्याच्या पाइपाशेजारनं. पार माळापर्यंत."

"माळापर्यंत?" तो खुर्चीच्या टोकाला आला. "त्यात रिकामे कोअर आहेत?"

मी यजमानांकडं बघितलं. ते माझ्याकडं बघत होते. मग स्वतःच म्हणाले, "हायत की. लागतील तेवढं हायत. पण चर संस्थेचा, सभेला विचारायला लागंल."

आणि खरंच, कंपनीचे साहेब कोल्हापूरहून आले आणि त्या ऑफिसात शेतकऱ्यांच्या मांडीला मांडी लावून सतरंजीवर बसले. करंटचं कुणीतरी पुन्हा काढलं, तर चेअरमनच त्याच्या अंगावर गेले. ठराव झाला, करार झाला. कंपनीनं करार तोडला तर काय, असंही एकानं विचारलं. चेअरमन म्हणाले, तोडून जाणार कुठं, उसातनं?

टॉवरच्या पायथ्याशी तार जोडायचं काम यजमानांनी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. कंपनीची खांबावरची तार सकाळीच पुन्हा तुटली होती, टॉवर मेलेलाच होता. भर उन्हात मी छत्री धरली होती. त्यांनी चष्मा लावला, काचेचा तो तंतू सोलला, पुसला, काच वितळवून जोडायच्या यंत्रात टॉवरकडच्या तंतूसमोर ठेवला. हात जराही हलला नाही. बारीक निळी ठिणगी पडली. इंजिनिअर लॅपटॉपकडं बघत होता. "आलं!" तो ओरडला, आणि जमलेल्या सगळ्यांच्या खिशांतले फोन एकदम वाजायला लागले. चेअरमनांनी भर माळावर शिट्टी मारली, ह्या वयात!

यजमानांचाही फोन वाजला. कोल्हापूरचा तोच केबलवाला होता. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला, फोन कानाला लावला आणि नेहमीपेक्षा मोठ्यानं बोलायला लागले.

"बोला पावणं... व्हय व्हय, माळावरच हाय... न्हाय, विकायचं न्हाय. आज न्हाय, हंगाम संपल्यावर बी न्हाय." पलीकडचं त्यांनी ऐकून घेतलं, मग माझ्याकडं बघितलं. इतक्या वर्षांत असं हसताना मी त्यांना बघितलं नव्हतं, आणि मला तिथंच, सगळ्यांसमोर, रडू फुटलं.

"धंदा बंद कशाला पडतोय?" ते फोनमध्ये म्हणाले. "तुमचा आवाज आत्ता आमच्याच तारंतनं येतोय."