तापलेल्या प्रोसेसरचा वास
लॅपटॉप तापून वास आला की मला सिमेंट कारखान्यांच्या गडचांदूरची ती दुपार आठवते. कॉम्प्युटरवर गेम अडकायला लागला होता, कॅबिनेटमधून वास यायचा आणि नवा प्रोसेसर घ्यायचा की नाही, यावर मी आणि मोठा भाऊ महिनाभर भांडत होतो. जुना तापतो म्हणूनच असा वास येतो, असं मी मित्रांना ऐटीत सांगायचो. शेवटी दुरुस्तीवाल्याने घरी येऊन कॅबिनेट उघडलं. सिमेंटच्या धुळीने बुजलेल्या पंख्यात अर्धी सडलेली, अर्धी वाळलेली पाल अडकली होती. चिमट्याने तिची शेपटी ओढत तो म्हणाला, "पंखाच फिरून नाई राह्यला, प्रोसेसर काऊन बदलता, भाऊ?" भाऊ ओकायला मोरीकडे धावला. मी जागचा हललो नाही. महिनाभर गेम लावण्याआधी मी रोज कॅबिनेटच्या जाळीला नाक लावून तो वास घ्यायचो. अजूनही तो आधी आवडतो. किळस मागून येते, आणि ती पालीची नसते.