शिकवलेली पट्टी

आमच्या ह्यांचं काम सांगायला गेले की लोक मलाच वेड्यात काढतात. हे धातूला शिकवतात! निकेल आणि टायटॅनियमच्या वीतभर पट्ट्या साच्यात आवळून भट्टीत घालायच्या, काढून निववायच्या, पुन्हा घालायच्या. एकदा अंगवळणी पडलं की पट्टी तापल्यावर आपोआप वाकते आणि निवली की सरळ होते. विमानाच्या इंजिनाच्या मागच्या तोंडाला पाकळ्या असतात, त्यांत ह्या पट्ट्या बसवतात. विमान उड्डाण घेताना इंजिनाच्या उष्णतेने पाकळ्या आत वाकतात आणि आवाज दबतो. वर थंडीत गेल्या की पुन्हा सरळ.

आमचं घर विमानतळाला लागूनच. विमान गेलं की कपाटातल्या बश्या थरथरायच्या आणि सासूबाई कानांवर हात दाबून बसायच्या. त्यांना वर्षानुवर्षं धड झोप नव्हती, म्हणून ह्यांचा ह्या कामात जीव. पोरांना शिकवायला कधी बसले नाहीत, पण पट्टीपुढे तासन्तास! तपासून शिक्का मारलेली एखादी पट्टी खिशात घालून आणायचे, उकळत्या पाण्यात सोडायचे आणि ती वाकली की आईकडे बघून हसायचे. पट्टी बाहेर न्यायची नाही, असा कारखान्याचा नियम. मी कानीकपाळी ओरडायचे, पण माझं ऐकतंय कोण? सकाळी पट्टी गुपचूप परत ट्रेमध्ये.

ह्या पट्ट्या बसवलेल्या विमानाच्या पहिल्या चाचणीच्या आदल्या दिवशी आम्ही जेवायला बसलो होतो.

"अरे, तू मागे घरी आणलेली ती पट्टी," सासूबाई म्हणाल्या, "पाण्यातून काढली तरी वाकडीच होती. म्हटलं, पोराला बोलणी बसतील. मग गॅसवर लाल केली आणि ठोकून सरळ करून ठेवली. कळलं तरी का तुला?"

ह्यांचा घास हातातच राहिला. पट्टी निवेपर्यंत थांबायचं असतं, हे आईला सांगायचंच राहून गेलं होतं. लाल झालेली पट्टी शिकलेलं सगळं विसरते, वर ठोकली तर कधी तुटेल याचा नेम नाही. आणि ती एव्हाना इंजिनात बसलीही होती. शोधायची तर एकेक पाकळी उघडायला हवी.

"सकाळी गेल्या गेल्या साहेबांना सांगा," स्वयंपाकघरात मी म्हटलं. "नोकरी गेली तर गेली."

"सांगतो गं. उद्या दोघे वैमानिकच आहेत, पण पुढे माणसं बसणार. सांगतोच."

दुसऱ्या दिवशी मी गॅलरीत उभी राहिले. विमान आलं नाही तर समजायचं, ह्यांनी साहेबांना सांगितलं. येऊ नकोस, येऊ नकोस, असं मी मनात घोकत होते.

विमान आलं. बश्या हलल्यासुद्धा नाहीत. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझ्या लेकाने केलं हो!" त्या म्हणाल्या. मला मात्र विमानामागून एक बारीक शीळ ऐकू आली. ती एक पाकळी वाकली नसणार.

संध्याकाळी हे आले. "सगळं छान झालं," म्हणाले, माझ्याकडे न बघता. मी खूप भांडले.

आता तेच विमान रोज माणसांनी भरून जातं. सासूबाई दुपारी शांत झोपतात. विमान आलं की पूर्वी हे बघायला गॅलरीत धावायचे, आता उठून खिडकी लावून घेतात. तरी शीळ आत येतेच, आणि हल्ली जरा मोठी येते.

काल सासूबाई झोपेतून उठून बसल्या.

"अरे," त्यांनी विचारलं, "ही शीळ कोण घालतंय?"