चढ नसलेला किल्ला

उजवा हात कपाळाशी धरून आमचे किल्लेदार आधी वर बघायचे आणि मग विचारायचे, “वाट कुठून आहे?” समोर पाण्याची टाकी असो नाहीतर वीस मजली हॉटेल. “लिफ्ट आहे हो,” असं कोणी म्हटलं की चेहरा पडायचा. “लिफ्टनं पोचतो तो पाहुणा,” ते म्हणायचे. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. सपाट जमीन ही त्याला फक्त पुढच्या चढापर्यंत पोचायची सोय वाटते.

अमिरातीतल्या अल ऐनमध्ये आम्ही एकाच कन्सल्टन्सीत होतो. ते सीनिअर इंजिनिअर, मी ड्राफ्ट्समन. त्यांचा साताऱ्याकडचा जन्म, सगळं तरुणपण सह्याद्रीच्या किल्ल्यांवर गेलेलं, म्हणून ऑफिसातले आम्ही चार मराठी लोक त्यांना किल्लेदार म्हणायचो. नव्वदच्या दशकाच्या मध्यात दुबईहून त्यांना चांगली ऑफर आली होती. दुबईला डोंगर नाही, एवढ्या कारणासाठी त्यांनी ती नाकारली. वहिनींनी त्यानंतर आठवडाभर आमटीत मीठ कमी घातलं होतं.

अल ऐनला जबल हफीत हा डोंगर होता. वरपर्यंत गुळगुळीत रस्ता, त्यामुळे सगळं गाव गाडीनं वर जाऊन हवा खाऊन यायचं. हे गाडी पायथ्याशी लावायचे आणि चालत निघायचे. शुक्रवारी पहाटे माझ्या दारावर थाप पडायची. “यल्ला, ऊठ! सुट्टी काय झोपण्यासाठी असते?” माझ्या मते सुट्टी नेमकी त्यासाठीच असते, पण हे त्यांना सांगायची माझी छाती नव्हती.

गावात मातीचे जुने देखणे किल्ले होते. पाहुणे आले की ते दाखवून आणायचे, पण दारातच सांगून टाकायचे, “ही गढी आहे. फार तर भुईकोट म्हणा.” सपाटीवरच्या किल्ल्याला आपण भुईकोट म्हणतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. हा शब्द उच्चारताना त्यांच्या तोंडात कडू काहीतरी आल्यासारखं वाटायचं.

एका शुक्रवारी जबल हफीतच्या तिसऱ्या की चौथ्या वळणावर ते म्हणाले, “जरा बसू या.” त्यांच्या तोंडून हे वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. घामानं शर्ट भिजला होता आणि ओठ पांढरे पडले होते. एका अरब माणसानं गाडी थांबवली, दोघांनी मिळून त्यांना मागच्या सीटवर आडवं केलं आणि हॉस्पिटल गाठलं. बायपास झाली. जीव वाचला. डॉक्टरांनी मात्र स्पष्ट सांगितलं, “क्लाइंबिंग खलास.”

त्यानंतर ते घरात बसले ते बसलेच. बैठकीच्या खिडकीतून जबल हफीत दिसायचा. वहिनी सकाळी पडदा उघडायच्या, हे उठून लावायचे. रोज अर्धा तास सपाटीवर चालायला सांगितलं होतं, तेही बंद. “सपाटीवर काय चालायचं? बाजारहाट करतात सपाटीवर,” म्हणायचे. वहिनी मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच म्हणाल्या, “हृदय जोडलंय डॉक्टरांनी, पण ह्यांना जगायचंच नाहीये रे.” खरंच भीती वाटली.

त्यांना तिथून उठवलं ते हॉस्पिटलातल्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी. सर्बियाच्या होत्या. उंच, मोठ्या हाडाच्या आणि आवाज असा की पेशंट निम्मा त्यानंच बरा व्हावा. “बाबा, वॉक!” त्या घरी येऊन दरडावायच्या आणि हे भिंतीकडे तोंड करायचे. एकदा मी गंमत म्हणून बाईंना सांगितलं, की ह्या बाबांना फोर्ट दाखवा, लगेच चालतील. बाई थबकल्या. म्हणाल्या, “माझ्या गावात फोर्ट आहे. डॅन्यूबच्या काठावर. बिग. व्हेरी बिग.”

किल्लेदारांनी मान वळवली. “चढ किती?”

“चढ नाही. फ्लॅट. टेबलासारखा.”

“भुईकोट,” म्हणून त्यांनी पुन्हा भिंत गाठली.

पण बाई हट्टाला पेटल्या. दुसऱ्या दिवशी फोटो घेऊन आल्या. स्मेदेरेवो गावाचं नाव. नदीच्या पाण्यातून थेट उठलेली तटबंदी, बुरुजामागून बुरुज. हे नको नको म्हणत चष्मा लावून पाहू लागले. “रुंदी किती भिंतीची?” “मला नाही माहीत. येऊन मोजा. पण त्यासाठी आधी एक किलोमीटर चालता आलं पाहिजे.” त्या संध्याकाळी अबू धाबीच्या समुद्रकाठच्या कॉर्निशसारखा चालायला रस्ता अल ऐनमध्ये कुठे आहे, असं त्यांनी मला विचारलं.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात आम्ही सर्बियाला गेलो. ते, वहिनी आणि मी. बाई रजेवर घरीच होत्या, त्या स्टेशनवर घ्यायला आल्या. तिथल्या लढाया आणि बॉम्बहल्ले संपून थोडीच वर्षं झाली होती. पण लोक फुटपाथवर खुर्च्या टाकून कॉफी पीत निवांत बसले होते.

किल्ल्याच्या दाराशी पोचलो आणि गोंधळ उडाला. किल्लेदार दारात एकदम खाली वाकले आणि थेट दगडावर डोकं टेकलं. बाई किंचाळल्या. धावत जाऊन त्यांनी ह्यांना खांद्याला धरून उताणं केलं, मनगट पकडलं, “बाबा! पेन? चेस्ट पेन?” पलीकडचे दोन म्हातारे पाणी घेऊन पळत आले. वहिनी हसत हसत रडायला लागल्या. मी कसंबसं समजावलं, की आमच्याकडे किल्ल्यात शिरताना आधी उंबऱ्याला नमस्कार करतात. बाईंनी कपाळावरचा घाम पुसला. मग काय वाटलं कोण जाणे, त्यांनीही वाकून उंबऱ्याला हात लावला.

आत गेलो आणि मी जागच्या जागी उभा राहिलो. केवढं ते आवार! आमच्या अल ऐनची एक अख्खी वसाहत आत बसली असती. चहूबाजूंनी भिंती, भिंतींवर बुरुज, आणि एक बुरुज असा कललेला की आता पडेल असं वाटावं. दुसऱ्या महायुद्धात आत साठवलेल्या दारूगोळ्याचा स्फोट झाला, निम्मं गाव गेलं, बाईंच्या आजीची बहीण गेली. तरी तट उभाच. किल्लेदार मान वळवून वळवून तट न्याहाळत होते.

“गडाची देवी कुठे आहे?” त्यांनी पहिला प्रश्न विचारला.

“देवी नाही,” बाई म्हणाल्या. “राणी आहे. शापित राणी.”

आणि त्यांनी चालता चालता गोष्ट सांगितली. तुर्क चालून येत होते, राजधानी गेली होती, म्हणून राजानं घाईघाईनं हा किल्ला उभारला. माणसं वेठीला धरली. चुन्यात अंडी लागतात म्हणून गावोगावची अंडी उचलली, पोरांना खायला उरली नाहीत. राणी परदेशातली. लोकांनी सगळा दोष तिच्यावर ढकलला. अजूनही गाण्यांतून तिला शिव्याच देतात. पुढे तुर्कांनी किल्ला घेतला तो घेतलाच.

हे भिंतीपाशी थांबले. लाल विटा जडवून तिथे मोठा क्रूस काढला होता, खाली राजाचं नाव. त्यांनी विटांवरून हात फिरवला. “आमच्याकडे चुन्यात गूळ आणि बेलफळ घालायचे, म्हणतात,” ते हळू आवाजात म्हणाले. “आणि तिचं नाव? राणीचं?”

“भिंतीवर नाही.”

“शिव्या तिला आणि नाव राजाचं,” वहिनी म्हणाल्या. किल्लेदारांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांचा हात धरला. चारचौघांत त्यांना हात धरताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

नदीकडच्या तटावर एक अरुंद, उभा दगडी जिना जात होता. तो दिसला आणि आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला. वहिनींचा श्वास मला ऐकू येत होता. बराच वेळ ते वर बघत राहिले. मग पाय खाली घेतला आणि मला म्हणाले, “तू जा. बघ, आणि मला सांग. उगाच छान छान म्हणू नकोस. डावीकडून सुरुवात कर.”

मी धापा टाकत वर पोचलो. खालून आवाज आला, “काय दिसतं?”

नदी दिसत होती. नदी म्हणावी तर समुद्र, समुद्र म्हणावा तर पलीकडे झाडांची रेघ. मी ओरडून सांगू लागलो. पाण्याचा रंग, एक लांबलचक मालवाहू बार्ज, पाण्यात उलटे उमटलेले बुरुज. खालून प्रश्न येतच होते. “किती बुरुज?” “उन्हं कुठून येतात?” “पलीकडचा काठ उंच की सखल?” मी आयुष्यात एवढं नीट काही पाहिलं नव्हतं. खाली डोळे मिटून ते उभे होते आणि चेहरा उजळला होता.

परत आल्यावर शुक्रवार पुन्हा सुरू झाले. ते पायथ्याशी गाडीत बसायचे, वहिनी थर्मासमधून चहा द्यायच्या, आणि मी मोबाइल घेऊन जबल हफीत चढायचो. प्रत्येक वळणावर फोन वाजायचा. “काय दिसतं?” बैठकीचा पडदा उघडा राहू लागला. अशी काही वर्षं गेली. मग निवृत्त होऊन ते दोघं साताऱ्याला परतले.

किल्लेदार गेल्याचं वहिनींनी फोनवर कळवलं तो बुधवार होता. शुक्रवारी पहाटे मी आपणहून उठलो. चढायला लागलो. पहिल्या वळणावर फोन काढून हातात धरला, तो वाजणार नव्हता हे माहीत असून. खाली खजुरांची राई अजून काळोखात होती, तिच्यापलीकडे रस्त्यांचे दिवे, आणि वाळवंटाच्या कडेला नुकतं उजाडत होतं. मी डावीकडून सुरुवात केली.