चावी नको म्हणणारा राखणदार

चौऱ्याण्णवच्या प्लेगला वर्ष उलटलं होतं, तरी सुरतेला निघतो म्हटल्यावर नंदुरबारच्या आमच्या काकूने मला असा निरोप दिला, जणू मी लढाईवर चाललोय. बहिणीचं लग्न होतं, आहेराच्या तीस साड्या हव्या होत्या, आणि मामा सुरतेत साड्यांच्या गोदामात कामाला. एवढं असताना साड्या दुसरीकडून घेणं म्हणजे नात्याचा अपमान.

तेव्हा नंदुरबारहून सकाळची पॅसेंजर धरायची. नवापूरला फलाट अर्धा आपला, अर्धा गुजरातचा. भजी दोन्हीकडे सारखीच तेलकट. सुरतेच्या आधी उधन्याला उतरायचं, रिक्षात सहावा माणूस होऊन डिंडोली गाठायची. मामीने दारातच विचारलं, "कितला दिन ऱ्हाशी?" पुण्यात या प्रश्नाचा अर्थ वेगळा होतो, खानदेशात पीठ त्या मापाने मळतात. भाकरी-ठेचा खाताना मामा इथल्या लोकांच्या संशयावर कुरकुरला, "आठे काही हरपनं ते पहिले आपला खानदेशी लोकेस्कडेच देखतस."

दुसऱ्या दिवशी सकाळी लोचो. खमण बिघडलं की लोचो होतो, आणि सुरती माणूस ते बिघडलेलंच तेल-शेव घालून ऐटीत विकतो. जाल तेव्हा नक्की खा.

मग रिंग रोडचं गोदाम. दारात उंच, काळाभोर, कुरळ्या केसांचा राखणदार. मी दूरदर्शनच्या हिंदीत विचारलं, "आप कौन से देश से हैं?"

"भरूच जिल्ला," तो म्हणाला. "ने तमे?"

मामा खो खो हसला. हा याकूबभाई, सिद्दी. पूर्वजांना आफ्रिकेतून जहाजात घालून आणलं, विकलं. पुढे पिढ्यान्पिढ्या त्यांनी राजांचे वाडे राखले.

नेमकं त्याच दिवशी गोदामाची चावी सांभाळणारा जुना माणूस काम सोडून गावी निघाला होता. शेठने पेढे मागवले, सगळ्यांना गोळा केलं. "याकूब, पंदर वरसथी तू मारो माणस. आजथी चावी तारी."

याकूबभाईने हात पाठीमागे घेतले. "शेठ, चावी ना आपो."

शेठचा चेहरा पडला. याकूबभाई आपल्या गुजराती-हिंदीत सांगू लागला. त्याचा बाप एका दरबारात होता, चावी त्याच्या कमरेला. चांदीचा डबा हरवला. चावी काळ्याकडे होती, एवढा पुरावा पुरला. चाबकाने सोलला त्याला. महिन्याने डबा राणीच्याच पेटीत निघाला. "आनंदात दरबारात साखर वाटली. बापालाही दिली."

पेढे धरलेला माणूस जरा मागे सरकला.

"अरे, ए तो राजा हतो!" शेठ म्हणाला. "मारे शुं?"

"मागच्या दिवाळीत एक गठ्ठा कमी भरला, तेव्हा सगळ्यांत आधी कोणाचं बोचकं उघडलं?"

गठ्ठा टेम्पोतच राहिला होता. आणि याकूबभाईचं बोचकं उघडलं होतं माझ्या मामाने. तो आता आपल्या चपलांकडे बघत होता.

"चावी घेईन," याकूबभाई म्हणाला. "पण संध्याकाळी निघताना सगळ्यांच्या पिशव्या उघडायच्या. शेठ, तुमचीही."

"मारी थेली?"

दुपारपर्यंत चावी शेठच्या मेहुण्याकडे गेली. मेहुण्याची पिशवी कोण तपासणार!

संध्याकाळी मामा दारात थांबला. पिशवी पूर्ण उघडली: डबा, टॉवेल, तंबाखूची पुडी. "देख, याकूबभाई."

याकूबभाई रस्त्याकडे बघत राहिला. "जवा दो, भाऊ." जाऊ द्या, एवढंच.

मामा तसाच उभा. लोक बघायला लागले, मला लाज वाटली. कोणाची, ते तेव्हा कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी साड्यांचं बोचकं घेऊन परतलो. काकूने दारातच आंघोळ घातली. साड्यांच्या यथावकाश गोधड्या झाल्या. राहिली ती मामाची आंतरदेशीय पत्रं. घरची खुशाली, मुलांचे मार्क, आणि शेवटी एक ओळ: "रोज पिशवी उघडतो. याकूबभाई बघत नाही."

तीन वर्षं तीच ओळ. मला वाटायचं, मामाला वेडच लागलंय.

मग एका पत्रात लिहिलं: "आज त्याने वाकून बघितलं. म्हणाला, डब्यात काय आहे?"

वांग्याची भाजी होती, हेही मामाने लिहिलं होतं.