आईचं नाक आणि बिनदारूची वाइन

सुरतेत वाइनचा महोत्सव भरणार हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी ती अफवाच समजले. दारूबंदीच्या राज्यात वाइनचा महोत्सव म्हणजे नवरदेवाशिवाय वरात. पण मग बँकेत माझ्या टेबलावर निमंत्रणपत्रिकाच आली. आमचे एक जुने खातेदार आहेत, कापडाचे व्यापारी. त्यांच्या मेहुण्याची डुमस रस्त्यावरच्या एका रिसॉर्ट हॉटेलात भागीदारी आहे. त्यांनी दोन पास ठेवले आणि ‘बेन, जरूर आवजो’ म्हणून गेले. पत्रिकेवर सोनेरी अक्षरांत ‘फूड अँड वाइन फेस्टिवल’ असं होतं आणि तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत, सर्व वाइन अल्कोहोलविरहित आहेत, असं. मी कर्जाची कागदपत्रं तपासते, त्यामुळे मला आधी तळाचंच दिसतं.

माझे यजमान म्हणाले, खरी प्यायची तर दमण दीड-दोन तासांवर आहे, खोटी प्यायला डुमसला कोण जाईल. मुलाची परीक्षा होती. आईला मी विचारलंसुद्धा नाही, कारण तिचे गुडघे आणि हॉटेल या दोन्ही गोष्टी तिला एकाच दिवशी सोसत नाहीत. राहिले आबा. माझे वडील पस्तीस वर्षं लिंबायतमधल्या लूमच्या कारखान्यात होते. त्या खडखडाटानं त्यांचे कान गेले, बाकी माणूस शाबूत आहे. रिसॉर्ट ही चीज त्यांनी फक्त बाहेरून, कंपाउंडच्या भिंतीएवढी पाहिलेली. म्हटलं, त्यांना नेऊ या.

आता आमच्या घरातली एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. आबा एके काळी प्यायचे. लिंबायतला तेव्हा पोटली मिळायची, म्हणजे प्लास्टिकच्या छोट्या पिशवीतली गावठी. बंदी होती, पण बंदीमुळे कोणाचं काही अडलेलं मी पाहिलं नाही. मी अकरावीत असताना एका संध्याकाळी आईनं आतून कडी लावली आणि दाराआडून सांगितलं, उद्यापासून आधी तोंडाचा वास द्यायचा, मग उंबरा ओलांडायचा. वास आला तर बाहेर गॅलरीत चटई. पहिलं वर्षभर चटई बरीच झिजली. मग हळूहळू ती गुंडाळून माळ्यावर गेली. पण वास देणं राहिलं. आबा बाहेरून आले की उंबऱ्याशी थांबतात, वाकतात आणि आईच्या तोंडासमोर ‘हा’ करतात. आई मान हलवते. आबा चपला काढतात. चोवीस वर्षं झाली याला. भाजी घेऊन आले तरी हा, दवाखान्यातून आले तरी हा. शेजाऱ्यांना वाटतं, म्हाताऱ्याला दमा आहे.

रविवारी सकाळी मी त्यांना घ्यायला गेले. आबांनी माझ्या भावाच्या लग्नातला सफारी घातला होता. आईनं मला बाजूला घेऊन विचारलं, तिथे ‘तसलं’ काही नाही ना. मी तिला पत्रिकेतली मुंगी अक्षरं वाचून दाखवली. दुधानं तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं, हे मला माहीत होतं, तरी मी जरा हसलेच. आम्ही रेल्वेखालच्या गरनाळ्यातून निघालो.

हॉटेलात हिरवळीवर पांढरे तंबू होते आणि प्रत्येक तंबूत एक आचारी उंच टोपी घालून आपल्या रोजच्या जेवणाला परदेशी करत होता. लोचो, म्हणजे आमचं वाफवलेलं सैल खमण, काचेच्या वाटीत होता, वर चीज. उंधियुं बोटाएवढ्या मडक्यांत. एका तंबूत कळण्याच्या भाकरीचे रुपयाएवढे तुकडे लाकडी फळीवर मांडलेले, प्रत्येकावर ठेच्याचा एक टिंब. आबांनी एक तुकडा तोंडात टाकला, बराच वेळ चावला आणि आचाऱ्याला मोठ्या आवाजात विचारलं की नमुना चांगला आहे, भाकरी कुठंय. आजूबाजूचे लोक हसले. आबांना ऐकू येत नसल्यामुळे त्यांना वाटलं, पुढच्या तंबूत कोणी काही गमतीचं बोललं. ते त्या तंबूकडे निघाले.

पुढचा तंबू वाइनचा होता.

तिथे माझ्याच वयाची एक बाई काळं जाकीट घालून उभी होती. ती हिंदीत छान समजावून सांगत होती. हा द्राक्षाचा रस नव्हे. आधी खरीखुरी वाइन बनवतात, मुरवतात आणि शेवटी तिच्यातली दारू तेवढी काढून घेतात. चव तीच, रंग तोच, वास तोच. हे तिनं कौतुकानं सांगितलं आणि मीही कौतुकानं ऐकलं. वास तोच, हे शब्द माझ्या कानावर पडले होते. मी चाळीशी पार केलेली, शिकलेली, दुसऱ्याच्या कागदातली चूक शोधून पगार घेणारी बाई, आणि मला त्यात काही खटकलं नाही.

तिनं आबांच्या हातात उंच दांड्याचा पेला दिला आणि म्हणाली, “पहले सूँघिए, अंकल.”

आबांनी माझ्याकडे पाहिलं. “दारू नही ना यामा?” त्यांचा आवाज लूमच्या वरचा, त्यामुळे शेजारच्या चार तंबूंना तो प्रश्न कळला. मी मान हलवून नाही म्हटलं. मग ज्या माणसानं चोवीस वर्षं दुसऱ्याला आपला वास दिला, त्यानं पेल्यात नाक घालून वास घेतला. बराच वेळ घेतला. त्यांचा चेहरा मला नीट दिसत नव्हता. मला वाटलं, म्हाताऱ्याची आज मजा आहे. मी एक फोटोसुद्धा काढला.

पहिला पेला त्यांनी घोट घोट संपवला. दुसरा त्यांनी स्वतः मागितला. तो हातात आल्यावर ते तंबूच्या कापडाकडे वळले, लोकांकडे पाठ केली, पेला तळव्यात असा झाकला की तो दिसेनासा झाला, आणि मान मागे टाकून एका दमात रिकामा केला. मग खांद्यावर मिशा पुसल्या.

ते वळणं, तो तळवा, तो खांदा मी ओळखत होते. मी आठ-नऊ वर्षांची असताना आई मला त्यांना बोलवायला कारखान्यावर पाठवायची. आबा मात्र वाटेतल्या कोपऱ्यावर, पोटली मिळायची तिथे, भिंतीकडे तोंड करून असेच उभे असायचे. मला तेव्हा ते कोणापासून लपतात हे कळायचं नाही, कारण तिथे सगळेच भिंतीकडे तोंड करून असत.

“आठे वरियाळी भेटी का?” आबांनी विचारलं.

वरियाळी म्हणजे बडीशेप. सुरतेत आमच्या घरातही कोणी बडीशेप म्हणत नाही. हॉटेलच्या दारातच मुखवासाचं तबक होतं. आबांनी मूठभर घेतली आणि सवयीनं अर्धी माझ्या तळहातावर ओतली. सवय म्हणते ती तेव्हाचीच. कोपऱ्यावरून परत येताना ते गल्लीच्या तोंडाशी वरियाळी घ्यायचे, अर्धी त्यांना, अर्धी मला. घरी मी आईला सांगायचे की मशीन बंद पडलं होतं, आबा कारखान्यातच होते, येताना फक्त सोडा प्यायले. वरियाळी मला आवडायची आणि खोटं बोलणं मला जड जात नव्हतं. त्या दुपारीही मी ती मूठ तोंडात टाकली. गाडीत आम्ही दोघं चावत होतो.

लिंबायतला पोचलो तेव्हा तीन वाजत होते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. जिन्यात मी आबांच्या पुढे झाले आणि आईला दारातच सांगायला लागले की तिथे वाइन होती पण दारू नसलेली होती, म्हणजे काढून घेतलेली होती. जितकं समजावत होते तितकं ते खोटं वाटत होतं, मलासुद्धा. आबा उंबऱ्याशी थांबले. वाकले. हा केलं.

आईची मान हलली नाही.

ती त्यांच्याकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. वर वरियाळी आणि खाली ते दुसरं, हा वास तिला नवा नव्हता. आणि तो माझ्याही तोंडाला येत होता, अर्धा.

“दारू नव्हती गं त्यात,” मी म्हटलं.

“तू तवय बी आसंच सांगे,” आई म्हणाली.

म्हणजे तेव्हाही तिला माहीत होतं. तीस वर्षं तिनं ते मला म्हटलं नव्हतं. मला लाज वाटली आणि लगेच रागही आला, कारण आयुष्यात पहिल्यांदा मी याबाबतीत खरं बोलत होते. आईनं स्टूल ओढलं, गुडघ्यांचं भान न ठेवता त्यावर चढली, माळ्यावरची चटई काढली आणि गॅलरीत टाकली. आबा मुकाट्यानं गेले आणि सफारीसकट तिच्यावर आडवे झाले. ते एका शब्दानं भांडले असते तर मला बरं वाटलं असतं.

मी खाली गाडीकडे गेले. निघून जायचंच मनात होतं. पण मागच्या सीटवर महोत्सवात भेट मिळालेली पिशवी होती आणि तिच्यात त्याच वाइनची एक बाटली. ती घेऊन मी वर आले आणि आईला लेबल वाचून दाखवलं, अल्कोहोल शून्य टक्के. आई म्हणाली, छापायला काय, कागदावर काहीही छापतात. हे वाक्य मी स्वतः बँकेत आठवड्यातून दोनदा म्हणते.

मग तिनं जे केलं ते तिच्याशिवाय कोणाला सुचलं नसतं. तिनं स्टीलची आमटीची वाटी घेतली, बाटलीतून काठोकाठ भरली आणि प्यायली. औषध पितात तशी, नाक दाबून. माझी आई, जिनं खोकल्याचं औषधसुद्धा त्यात काय आहे विचारल्याशिवाय घेतलं नाही. वाटी पालथी घातली आणि घड्याळाकडे बघत भिंतीला टेकून बसली. मी विचारलं, काय होतंय. ती म्हणाली, थांब, चढायला वेळ लागतो, मला माहीत आहे किती लागतो.

अर्धा तास गेला असेल. मग तिनं कोपऱ्यातली साडी पुढे ओढली. लिंबायतमधल्या पुष्कळ बायकांसारखं ती घरी साड्यांना खडे चिकटवायचं काम करते, मी कितीदा बंद करायला सांगितलं तरी. तिनं गोंदाची नळी उघडली, चष्मा लावला आणि काठावर खडे लावायला घेतले. प्रत्येक खडा लावून हात वर धरायची, थरथरतो का बघायची आणि पुढचा लावायची. एक ओळ पूर्ण झाली. तिनं ती डोळ्यांशी नेऊन तिरकी पाहिली. ओळ सरळ होती.

“यामा काहीच नही शे,” ती म्हणाली. निकाल दिल्यासारखं नाही, जरा दमल्यासारखं.

माझं मन हलकं झालं. आईनं गोंदाचं टोपण लावलं आणि गॅलरीच्या दाराकडे तोंड करून आबांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली, “चला, घरमा या.” मग माझ्याकडे वळून हळू म्हणाली की आता हे पुरे झालं, सत्तरी उलटलेल्या माणसाला किती दिवस दारात उभं करायचं. उद्यापासून नको. मी म्हटलं, बरोबर आहे. मला वाटलं, चला, त्या महोत्सवाचा काहीतरी उपयोग झाला.

आबा उठले. चटई गुंडाळून भिंतीशी उभी केली. गॅलरीच्या उंबऱ्यापर्यंत आले आणि तिथे थांबले.

आईनं हातानं आत या असं केलं. ते आले नाहीत.

“वास ले पहिले,” ते म्हणाले.

आईनं त्यांना सांगितलं की त्यात दारू नव्हती, तिनं स्वतः पिऊन पाहिलं आणि आता रोजचं हे नको. तिला वाटलं त्यांना ऐकू आलं नाही, म्हणून तिनं पुन्हा सांगितलं. आबांना ऐकू आलं होतं. त्यांनी चौकटीला हात धरला होता. तोच हात, ज्यानं दुपारी पेला झाकला होता.

“दारू नही व्हती, माले मालूम शे,” ते म्हणाले. या वेळी त्यांचा आवाज मोठा नव्हता. “पन माले ते भलतं गोड लागनं. म्हनीसन वास ले. रोज ले.”

इतकी वर्षं मी समजत होते की आई त्यांना दारात अडवते. आई गुडघ्यावर हात टेकून उठली आणि उंबऱ्यापाशी गेली. तिच्या स्वतःच्या तोंडाला आता तोच वास होता. तो मध्ये येऊ नये म्हणून तिनं पदर तोंडावर घट्ट धरला, नाक तेवढं उघडं ठेवलं आणि आबांसमोर उभी राहिली. आबा वाकले.